गव्हर्नर निवडण्याआधी ड्रायव्हर बघा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपमधले आणि सिडकोतल्या काही हिशेबनिसांच्या ऑफिसांतले कॉम्प्युटर मी सांभाळतो. बहुतेकांवर लिनक्स आहे. तक्रार सगळीकडे एकच: लाइट गेली की इन्व्हर्टर पुरत नाही. मग कुणीतरी सांगतं, प्रोसेसरचा गव्हर्नर, म्हणजे त्याने कधी किती वेगाने चालायचं याचा नियम, 'पॉवरसेव्ह' करून टाका. तेवढ्यावर विसंबून काही बदलू नका. प्रोसेसरचा वेग प्रत्यक्ष बदलणारा लिनक्समधला भाग म्हणजे ड्रायव्हर, आणि त्या एका नावाचे दोन ड्रायव्हरखाली दोन अर्थ होतात.

टर्मिनलमध्ये 'सीपीयूपॉवर'ला 'फ्रिक्वेन्सी-इन्फो' जोडून चालवा. वरच्याच ओळींत ड्रायव्हरचं नाव दिसतं आणि खाली उपलब्ध गव्हर्नरांची यादी.

ड्रायव्हर 'एसीपीआय-सीपीयूफ्रेक' असेल, तर पॉवरसेव्ह प्रोसेसरला कायम सगळ्यात खालच्या वेगावर बांधून ठेवतो. जीएसटीची मोठी शीट उघडायला मग इतका वेळ लागतो की माणूस वैतागतो, आणि तेवढा वेळ स्क्रीन, रॅम, डिस्क वीज खातच राहतात. काम उरकलं की रिकामा प्रोसेसर सी-स्टेटच्या गाढ झोपेत जातो, तिथे त्याचा खर्च अगदी कमी असतो. म्हणून रखडत काम करण्यात फायदा नाही. पण सतत कमाल वेगही नको. वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत चढतो. शेवटचा थोडासा वेग सगळ्यात महाग पडतो. हा तोल 'स्केडयुटिल' हा गव्हर्नर चांगला सांभाळतो. तो 2016 मध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) 4.7 सोबत आला आणि कुठल्या कोअरवर किती भार आहे हे कामांची वाटणी करणाऱ्या शेड्युलरकडूनच थेट घेतो. कर्नल त्याहून जुना असेल तर 'ऑनडिमांड' ठेवा.

इंटेलच्या अलीकडच्या मशीनवर 'इंटेल-पीस्टेट' दिसेल. तो ॲक्टिव्ह मोडमध्ये, म्हणजे वेग ठरवण्याचं काम स्वतःकडे घेऊन चालत असला की यादीत दोनच नावं येतात, परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह. इथला पॉवरसेव्ह भार बघून वेग स्वतः वरखाली करतो, त्यामुळे तो बिनधास्त ठेवा. खरी कळ दुसरीकडे आहे: 'एनर्जी परफॉर्मन्स प्रेफरन्स', म्हणजे ईपीपी, वेग आणि वीजबचत यांत कशाला झुकतं माप द्यायचं हे प्रोसेसरला सांगणारी सेटिंग. इंटेलच्या स्कायलेक पिढीच्या आणि त्यानंतरच्या बहुतेक प्रोसेसरांवर ती मिळते. 'बॅलन्स परफॉर्मन्स' आणि 'बॅलन्स पॉवर' या दोन पायऱ्या रोजच्या कामाला पुरतात. गव्हर्नर परफॉर्मन्सवर असेल तर मात्र ईपीपी बदलू देत नाही. एएमडीवर 'एएमडी-पीस्टेट' 2022 मध्ये कर्नल 5.17 मध्ये आला. त्याचा ईपीपीवाला ॲक्टिव्ह मोड 6.3 पासून आहे. तिथेही हेच धोरण ठेवा.

आता इन्व्हर्टरची गोष्ट, कारण आपल्याकडे तीच कळीची आहे. लॅपटॉपला चार्जर बंद झाल्याचं समजतं, म्हणून 'टीएलपी' हा वीज वाचवणारा प्रोग्राम बॅटरीवर आपोआप वेगळी सेटिंग लावू शकतो. इन्व्हर्टरवरच्या डेस्कटॉपला लाइट गेल्याचं कळतच नाही. त्याच्या लेखी वीज चालूच आहे. त्यामुळे अशा मशीनची मूळ सेटिंगच काटकसरीची हवी. बिलिंग आणि ऑफिसच्या डेस्कटॉपांना मी सरळ बॅलन्स पॉवर लावतो. ड्रॉइंगच्या मशीनवर बॅलन्स परफॉर्मन्स, कारण तिथे मोठं मॉडेल फिरवताना माणूस खोळंबतो.

हाताने लिहिलेली सेटिंग रीस्टार्टनंतर जाते. ग्नोम किंवा केडीई हा डेस्कटॉप (लिनक्सचा पडद्यावरचा चेहरा) असेल तर पॉवर प्रोफाइलमधूनच निवडा, ते सगळ्यात सोपं. टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डेमन (पॉवर प्रोफाइल सांभाळणारा प्रोग्राम) दोन्ही एकाच मशीनवर चालू ठेवू नका. एकाने लावलेलं दुसरा पुसतो. जुन्या एसीपीआय-सीपीयूफ्रेकवाल्या मशीनवर कर्नल 5.9 किंवा पुढचा असेल, तर बूट ओळीत (मशीन सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांत) 'सीपीयूफ्रेक डॉट डीफॉल्ट-गव्हर्नर' हा पर्याय देऊन स्केडयुटिल कायमचा लावता येतो.

बदल केल्यावर मोजा. लॅपटॉपचा चार्जर काढा, ब्राइटनेस आधीइतकीच ठेवा, थोडा वेळ तसाच राहू द्या आणि 'पॉवरटॉप'मध्ये बॅटरी किती वॅटने उतरतेय ते बघा. डेस्कटॉपला प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर घ्या. आधी मशीन नुसतं चालू ठेवून आकडा लिहा, मग नेहमीचं काम करताना. नुसत्या चालू मशीनवर फरक जवळजवळ दिसला नाही तर गव्हर्नरच्या मागे लागू नका. पॉवरटॉपच्या यादीत वर कोणता प्रोग्राम प्रोसेसरला सारखा उठवतोय ते शोधा. माझ्याकडच्या मशीनवर तो बहुतेक वेळा उघडा राहिलेला ब्राउझर असतो.