सॅडल हंटिंगसाठी दोरीने झाडावर चढताय? मग या चुका टाळा

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये 1 ऑक्टोबरला बो-सीझन, म्हणजे धनुष्यबाणाने शिकारीचा हंगाम, उघडतो, आणि सप्टेंबर लागला की मला ठरलेले मेसेज यायला लागतात. दादा सगळ्यात हलकी दोरी कोणती, दादा 8 मिमी चालेल का, दादा पूर्ण किट दीड किलोत बसवायचंय. कुठल्या झाडावर चढायचं हे एकही जण विचारत नाही, आणि अंधारात उतरायचं कसं हे तर नाहीच नाही. किचनमधल्या वजनकाट्यावर कॅराबिनर (दोरी अडकवायच्या धातूच्या कड्या) मोजत बसलेली पोरं मी पाहिलीयेत, आणि हीच पोरं घरामागच्या झाडावर एकदा लटकून बघायला तयार नसतात.

नव्या लोकांसाठी थोडक्यात सांगतो. सॅडल म्हणजे कमरेला आणि मांड्यांखाली येणारी झोळी, तिच्या पुढच्या बाजूला ब्रिज नावाची छोटी दोरी, ती टेदरला, म्हणजे खोडाला गुंडाळलेल्या आधाराच्या दोरीला, अडकवायची आणि झाडाकडे तोंड करून मागे रेलून बसायचं. वर जायला पूर्वी लोक चार-चार स्टिक (खोडाला बांधायच्या पायऱ्यांच्या छोट्या काठ्या) पाठीवर वाहून न्यायचे, आता एकच स्टिक सरकवत वर जातात आणि दोरीवरून रॅपल करून उतरतात, नाहीतर स्टिकच नको म्हणून फांदीवरून दोरी टाकून थेट दोरीवर चढतात, म्हणजे एसआरटी (सिंगल रोप टेक्निक). इथल्या सरकारी जमिनीवर झाडात स्क्रूच्या पायऱ्या ठोकायला बंदी आहे, त्यामुळे दोरी तशीही सोयीची. (भारतात 1972 च्या कायद्यानुसार शिकार बंदच आहे, पण झाडावर बसून पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.)

आता चुका. पहिली माझी स्वतःची, कारण दुसऱ्यांना बोलायच्या आधी आपलं सांगितलेलं बरं.

आकडा बघून कॉर्ड घेणं

माझा दुसरा सीझन. प्रुसिकसाठी, म्हणजे मुख्य दोरीवर सरकणाऱ्या आणि वजन आलं की आवळणाऱ्या गाठीसाठी, मी डायनिमा या कृत्रिम धाग्याची बारीक कॉर्ड आणली, कारण पाकिटावरचा ताकदीचा आकडा मोठा आणि वजन जवळपास काहीच नाही. लाइनमन रोपवर (चढताना कमरेपासून खोडाभोवती घ्यायची दोरी) तिची हिच, म्हणजे तीच पकडणारी गाठ, बांधली, अंगणात एकदा ओढून बघितली, धरली, झालं समाधान. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता, दव पडलेलं, साधारण 14 फुटांवर एका फांदीला वळसा घालायला मी मागे रेललो आणि ती हिच सर्रकन फूटभर सरकली. बिनधास्त मागे झुकलेलो असताना एक फूट म्हणजे किती असतो ते पोटाला बरोबर कळतं. मी हाताने दोरी धरायला गेलो, हातमोजा होता म्हणून तळहात वाचला, आणि टेदर आधीच वर लावलेला होता म्हणून बाकीचा मी वाचलो. खाली येऊन बघतो तर हिचची आतली बाजू काचेसारखी चकचकीत झालेली.

नंतर डोकं लावलं तेव्हा कळलं. डायनिमा मुळातच गुळगुळीत, दोरीला पकडतच नाही, आणि साधारण 145 अंशांच्या आसपास वितळतं. नायलॉन-पॉलिस्टर 220 ते 260 पर्यंत जातं, टेक्नोरा हा उष्णता सहन करणारा धागा तर वितळतच नाही, थेट 500 च्या घरात जळतं. म्हणजे जी कॉर्ड ताणली तर ट्रक ओढेल ती घासली तर मेणासारखी वागते. ताकद आणि पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कुठल्याच पाकिटावर लिहिलेलं नसतं.

तेव्हापासून माझ्या हिच कॉर्डचं वरचं आवरण पॉलिस्टर किंवा टेक्नोराचंच असतं, आणि जाडी मुख्य दोरीच्या साठ ते ऐंशी टक्के, म्हणजे 8 मिमी दोरीवर 5 किंवा 6 मिमी. हिच मी डिस्टेल बांधतो, कोणाला श्वाबिश आवडते, त्यावर भांडू नका. पण बांधल्यावर आधी कोरडी, मग बादलीत बुडवून ओली, अशी दोन्ही वेळा अंगाचं पूर्ण वजन टाकून बघा. मी फ्रीझरमध्ये ठेवूनपण बघितलीय, बायको अजून ऐकवते.

8 मिमी दोरी आणि भलतंच डिव्हाइस

ही चूक वरच्याचीच सख्खी बहीण. ग्रिग्रीवर, म्हणजे दोरी आपोआप धरणाऱ्या डिव्हाइसवर, स्वच्छ छापलेलं असतं, 8.5 ते 11 मिमी. आठ म्हणजे साडेआठ नव्हे. "अरे पण धरतं की" हे उत्तर मला इतक्या वेळा मिळालंय की आता मी वाद घालत नाही. कोरड्या नव्या दोरीवर तुम्ही हळूच बसलात तर धरतं, झटका बसला, दोरी ओली असली किंवा वापरून बारीक झाली की सरकतं. आणि वाचवताय किती? 12 मीटर 8 मिमी दोरी साधारण अर्धा किलो, तेवढीच 11 मिमी नऊशे ग्रॅम. फरक चारशे ग्रॅमचा, पाण्याची अर्धी बाटलीही नाही. मी दोन वर्षं आठवर घालवून परत साडेनऊवर आलो, हाताला भरीव लागते आणि थंडीत हातमोजे घालूनही कळते. आठच हवी असेल तर घ्या, पण मग डिव्हाइस आठला चालणारं घ्या आणि खाली ऑटोब्लॉकचा, म्हणजे दोरीवर आवळणाऱ्या आणखी एका गाठीचा, बॅकअप ठेवा.

दोरीवर वजन न टाकता टेदर सोडणं

हे एकदा करा आणि दुसऱ्यांदा करायला उरा. अंधार, थंडी, घरी जायची घाई. आधी रॅपलवर बसा, पूर्ण वजन टाका, दोनदा उसळी मारा, टेदर ढिला पडलेला डोळ्यांनी बघा आणि मगच सोडा. दोरीच्या टोकाला गाठ हवीच, फिगर एट नाहीतर बॅरल, सवय म्हणून घरीच बांधून ठेवा. दोरी जमिनीला टेकतेय असं वाटतं, उतारावरच्या झाडाला ती टेकत नाही.

झाड न बघणं

लोकांना वाटतं दोरी तुटते. दोरी तुटल्याचं मी अजून पाहिलेलं नाही, फांदी तुटल्याचं पाहिलंय.

माझ्या ओळखीत एक कोथरूडचा पोरगा आहे, लिंगाणा दोनदा केलेला, दोरीचं काम माझ्यापेक्षा नीट. पण कातळ आणि झाड यात फरक असतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहाटे हेडलॅम्पच्या उजेडात त्याने एक सरळसोट छान खोड शोधलं, वीसेक फुटांवर बेचकं, पहिल्याच फेकीत थ्रो लाइन (वजनाची पिशवी लावलेली बारीक दोरी) बरोबर त्यात, तोही खुश. दोरी वर ओढली, एक टोक खाली खोडाला बांधलं, दुसऱ्या बाजूने दोन झटके देऊन चढायला लागला. पाच-सहा फूट गेला असेल आणि वरून फटाका फुटल्यासारखा आवाज. बेचक्याची एक बाजू अख्खी खाली. खांद्याला घासून गेली, तो पालापाचोळ्यात पडला, मनगट मोडलं. डोक्यावर आली असती तर हे मी असं गमतीत लिहीत बसलो नसतो.

झाड होतं ॲश, आणि मेलेलं. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा किडा आशियातून आला, 2002 मध्ये इथेच डेट्रॉइटच्या आसपास पहिल्यांदा सापडला आणि तेव्हापासून आमच्याकडची ॲश उभ्या उभ्या वाळवतोय. मेलेली ॲश ठिसूळ असते, आणि नोव्हेंबरात सगळीच झाडं उघडी, त्यामुळे मेलेलं कोण आणि झोपलेलं कोण ते लांबून कळत नाही. जवळ जाऊन साल बघा. इंग्रजी डी अक्षरासारखी तीनेक मिलिमीटरची भोकं, सुतार पक्ष्यांनी सोलून काढलेले फिकट पट्टे, बुंध्यापाशी साल सुटलेली, यातलं एक जरी दिसलं तरी पुढच्या झाडाकडे चालू लागा.

दुसरी गोष्ट गणिताची. टोक खाली खोडाला बांधून फांदीवरून दोरी घेतली की फांदीवर तुमचं वजन जवळजवळ दुप्पट येतं, घासण्यामुळे थोडं कमी, पण धरून चालायचं दुप्पट. ऐंशी किलोचा माणूस म्हणजे दीडशे किलोच्या पुढे. हाताने दिलेले दोन झटके म्हणजे टेस्ट नाही. मी माझ्या वजनाचा आणखी एक माणूस बोलावतो, दोघं मिळून लटकतो, तेही दिवसा, सीझनच्या आधी. एकटा असेन तर फांदीवर भरवसाच ठेवत नाही, स्टिक आणि टेदर घेऊन खोडाला धरूनच वर जातो. वेळ लागतो, लागू दे.

बाकीच्या छोट्या छोट्या.

टेदर ढिला ठेवू नका. या दोऱ्या स्टॅटिक असतात, कातळावरच्या डायनॅमिक दोरीसारख्या ताणत नाहीत, दोन फूट ढील म्हणजे दोन फूट पडून थेट कमरेला दणका. टेदर डोक्याच्या उंचीला किंवा वर, कायम ताणलेला.

फांदी ओलांडताना एक दोरी सोडायच्या आधी दुसरी लागलेली पाहिजे. "एकच सेकंद तर" म्हणणारे लोक मला आवडत नाहीत.

धनुष्य हातात किंवा पाठीवर घेऊन चढू नका, वर बसून दोरीने ओढून घ्या. बाणाचं ब्रॉडहेड, म्हणजे टोकाचं पातं, वस्तराच आहे.

तीस फुटांचा हट्ट सोडा. मी पंधरा ते अठरा फुटांवर बसतो आणि फ्रीझर रिकामा नसतो.

घरी लोकेशन पाठवा, आणि किती वाजता उतरणार तेही. फोन खिशात, बॅगेत नको, कारण बॅग झाडाला टांगलेली असते आणि तुम्ही खाली पडलेले असता.

प्रॅक्टिस पाय जमिनीपासून एक फुटावर असताना करा. चढणं, टेदर बदलणं, रॅपलवर येणं, सगळं तिथेच. दिवसा जमलं की हातमोजे घालून, मग रात्री लाइट बंद करून. मी नव्या माणसाला दहा वेळा सलग न चुकता करायला लावतो, नवव्याला चुकला तर परत एकपासून. दोन जण रुसून गेले, जाऊ देत.

आणि ज्यांना पहाटे थ्रो लाइनचे खेळ नको असतात त्यांनी आधीच एक बारीक पॅराकॉर्ड फांदीवरून टाकून ठेवावी, सकाळी तिनेच मुख्य दोरी वर ओढता येते, आवाज नाही, बारा औंसाची पिशवी तोंडावर आपटत नाही. फक्त त्या कॉर्डवर स्वतः लटकू नका आणि मुख्य दोरी कधीच झाडावर सोडून येऊ नका. उन्हाने खराब होते ते आहेच, पण खारी कुरतडतात. गेल्या वर्षी माझ्या दोन पॅराकॉर्ड खाल्ल्या त्यांनी, तिसरी लावायला गेलो तर वर बसून बघत होती एक.