फ्रेंच क्लबच्या इतिहासावर डिसर्टेशन करताय? आधी माझा १९६७ चा घोळ वाचा

दरवर्षी मास्टर्सचे विषय ठरायची वेळ आली की दोन-तीन जण तरी विचारतातच, ताई फुटबॉल क्लबवर करायचंय, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. मी पॅरिसमध्ये क्रीडा-इतिहासात मास्टर्स केलं, विषय होता रेड स्टार, पॅरिसला लागून असलेल्या सँ-तुअँचा फुटबॉल क्लब. डिसर्टेशन झालं, पास पण झाले, पण एक अख्खं प्रकरण फेकून पुन्हा लिहायला लागलं आणि ते आठवलं की आजही पोटात कसंतरी होतं. फ्रेंच तुम्हाला येतं, लीग १, लीग २ आणि त्याखालचं नासिओनाल म्हणजे काय ते माहीत आहे, असं धरूनच पुढचं लिहितेय.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. क्लब छोटा आहे म्हणजे काम सोपं, असं समजून येऊ नका. उलट आहे. मोठ्या क्लबचं सगळं कोणीतरी आधीच लावून ठेवलेलं असतं, छोट्याचं तुम्हाला लावावं लागतं. रेड स्टार २१ फेब्रुवारी १८९७ ला सुरू झाला, सुरू करणाऱ्यांत ज्यूल रिमे होता, तोच जो पुढे फिफाचा अध्यक्ष झाला आणि ज्याच्या काळात १९३० ला पहिला वर्ल्ड कप झाला. कूप द फ्रान्स, म्हणजे फ्रान्सचा राष्ट्रीय कप, पाच वेळा जिंकलाय, १९२१, २२, २३ लागोपाठ, मग १९२८ आणि १९४२. १९३२-३३ ला फ्रान्समध्ये पहिली प्रोफेशनल लीग सुरू झाली त्यात हे होते, आणि त्याच सीझनला खाली गेले. त्यानंतर वर-खाली, वर-खाली. २००३ ला पैशाअभावी थेट प्रादेशिक लीगमध्ये, आणि तिथून चढत चढत २०१५ ला लीग २, परत खाली, २०१८ ला परत वर, परत खाली, २०२४ ला नासिओनाल जिंकून परत वर. हे सगळं एका पानावर लिहिलं की वाटतं सरळ रेष आहे, फक्त वाकडीतिकडी. तिथेच मी फसले.

नावाचा सापळा सगळ्यांना दिसतो म्हणून तो पटकन सांगते. लाल तारा म्हटलं की लोक कम्युनिस्ट क्लब म्हणून मोकळे होतात. १८९७ साल आहे, रशियन क्रांतीला अजून वीस वर्षं होती आणि रिमे श्रद्धाळू कॅथलिक माणूस होता. नाव एका इंग्लिश गव्हर्नेसने सुचवलं, जहाजांच्या रेड स्टार लाइनवरून, अशी गोष्ट सांगतात, तुम्ही पण 'असं सांगतात' एवढंच लिहा. लाल रंग राजकीय झाला तो नंतर, कारखान्यांच्या उपनगरात मुक्काम पडल्यावर. ठीक आहे, पुढे.

आता १९६७. १९६६-६७ चा सीझन रेड स्टार दुसऱ्या डिव्हिजनमध्ये (आजची लीग २) खेळला आणि १९६७-६८ चा पहिल्या डिव्हिजनमध्ये (आजची लीग १). मी माझ्या एक्सेलमध्ये दोन ओळी एकाखाली एक टाकल्या आणि मधल्या कॉलममध्ये 'बढती' लिहिलं. बस, एवढंच केलं. पण त्या एका शब्दावर मी पुढे चाळीस पानांचं प्रकरण उभं केलं, की सँ-तुअँसारखं कामगारांचं शहर, तिथली एकजूट, नगरपालिका, भरलेलं मैदान, या सगळ्या जोरावर क्लब साठच्या दशकाच्या शेवटी वर आला. लिहिताना इतकं छान जुळत होतं की शंकाच आली नाही. बढतीच्या मॅचची बातमी जुन्या पेपरात सापडली नाही तेव्हा मी ठरवून टाकलं की फाइलमधला तो अंक गहाळ असणार. मग सबमिशनच्या आधी डिपार्टमेंटमध्ये प्रेझेंटेशन होतं, तिथे एका परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "बढती नक्की कोणत्या मॅचला मिळाली?" माझ्याकडे उत्तरच नव्हतं. कारण तशी मॅचच नव्हती.

झालं होतं असं की तुलूज एफसी हा पहिल्या डिव्हिजनमधला क्लब पैशाने अडचणीत होता, त्याचा अध्यक्ष होता झाँ-बातिस्त दुमेंग, शेतमालाच्या व्यापारातला बडा माणूस आणि स्वतः कम्युनिस्ट. १९६७ ला त्याने क्लब रेड स्टारमध्ये विलीन केला. म्हणजे तुलूजची पहिल्या डिव्हिजनमधली जागा आणि बरेचसे खेळाडू उचलून पॅरिसच्या उत्तरेला आले, नाव राहिलं रेड स्टार. तुलूज शहराचा क्लबच गेला. तिथे १९७० ला नवा क्लब निघाला, युएस तुलूज, त्याने १९७९ ला तुलूज एफसी हे जुनं नाव घेतलं, आणि आज लीग १ मध्ये दिसतो तो हा दुसरा. माझ्या प्रकरणात ज्या एकजुटीने क्लब वर आला होता ती एकजूट खरी असेलही, पण वर आणलं होतं एका विलीनीकरणाने.

आणि गंमत नाही, खरंच सांगते, यातून सावरताना मी दुसरी चूक केली. विलीन झाले ना, मग तुलूजचा इतिहास पण रेड स्टारचाच, असं म्हणून त्यांनी १९५७ ला अँजे या क्लबला ६-३ हरवून जिंकलेली कूप द फ्रान्स मी रेड स्टारच्या यादीत टाकली. पाचाच्या सहा झाल्या. सँ-तुअँमध्ये कोणी ती मोजत नाही. तुलूजच्या आजच्या क्लबने २०२३ ला नाँतला ५-१ हरवून कप जिंकला तेव्हा तिथल्या जुन्या माणसांना १९५७ च आठवलं असणार, कागदावर तो क्लब वेगळा असला तरी. मग ती १९५७ ची कूप कोणाची? या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर द्यायला जाऊ नका. माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक जोडाच्या ठिकाणी चार गोष्टी वेगवेगळ्या विचारा: नाव कोणाचं पुढे गेलं, मैदान कोणाचं, लीगमधली जागा कोणाची, आणि माणसं कोणाची. १९६७ मध्ये नाव आणि मैदान रेड स्टारचं, जागा तुलूजची, माणसं मिसळलेली. १९२६ ला ऑलिंपिक द पॅरिस (आधीचा ऑलिंपिक द पाँताँ) या क्लबबरोबर जोडणी झाली, १९४८ ला स्ताद फ्राँसे या क्लबबरोबर होऊन दोन वर्षांत सुटली, तिथेही हेच चार प्रश्न विचारा, दर वेळी उत्तर वेगळं येतं.

मला हे लवकर का कळलं नाही याचा मी खूप विचार केला. मी कोल्हापूरची, बाबांबरोबर शाहू स्टेडियमवर मॅच बघत मोठी झाले. आमच्याकडे संघ म्हणजे तालीम आणि तालीम म्हणजे पेठ. पेठ उठून दुसऱ्या गावाला जात नाही, म्हणून क्लबची जागा उठून सहाशे-सातशे किलोमीटर जाऊ शकते हे माझ्या डोक्यातच येत नव्हतं. तुमच्या डोक्यात असंच काहीतरी घरून आणलेलं असेल, ते आधी शोधा.

कागदपत्रांचं एक. सँ-तुअँ आज सेन-सँ-दनी जिल्ह्यात आहे म्हणून मी बोबिन्यीच्या जिल्हा अभिलेखागारात जाऊन जुने कागद मागत बसले. हा जिल्हाच १९६८ पासून कारभार बघायला लागला, त्याआधी सँ-तुअँ जुन्या सेन जिल्ह्यात होतं, त्यामुळे जुन्या सरकारी कागदांसाठी आधी पॅरिसच्या अभिलेखागाराची यादी बघा. संस्थांच्या नोंदणीचा कायदा १९०१ चा, म्हणजे १८९७ च्या क्लबची स्थापनेच्या दिवसाची सरकारी नोंद शोधण्यात दिवस घालवू नका. गालिकावर, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर, 'लोतो' हे जुनं क्रीडा दैनिक घरबसल्या वाचता येतं, तिथे भरपूर बसा, पैसे लागत नाहीत.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. आकड्यांचे तयार तक्ते, आपोआप केलेले सारांश, यातून सुरुवात करणाऱ्याचं काम मला दोन पानांत ओळखू येतं, कारण त्यात सगळे जोड गुळगुळीत झालेले असतात. आणि मार्गदर्शक निवडताना, जो प्रत्येक ड्राफ्टला 'छान चाललंय' म्हणतो त्याच्यापासून लांब राहा. माझे म्हणायचे, मला बरं वाटायचं, आणि ते चाळीस पानांचं प्रकरण त्यांच्या नजरेखालून तीनदा गेलं होतं.

पण घाबरू नका, खरंच. चूक सापडल्यावर काम चांगलंच झालं. जे प्रकरण फेकलं त्याच्या जागी मी रिनो देला नेग्रावर लिहिलं. इटालियन आईवडिलांचा मुलगा, १९४३ ला रेड स्टारमध्ये आला, त्याच वेळी मानुशियान गटात नाझींविरुद्ध लढत होता. २१ फेब्रुवारी १९४४ ला पॅरिसजवळच्या मों-वालेरियाँ किल्ल्यावर त्याला गोळ्या घातल्या, वय वीस. क्लबच्या वाढदिवसालाच. शेवटच्या पत्रात भावाला लिहिलंय की सगळ्या रेड स्टारला माझा नमस्कार आणि निरोप सांग. आज रेड स्टारच्या बाउर स्टेडियममधल्या एका स्टँडला त्याचं नाव आहे. क्लबकडून तो फार थोडा काळ खेळला, तक्त्यांमधून बघत राहिले असते तर तो मला दिसलाच नसता.

त्याच्यावर लिहिताना पण ते चार प्रश्न समोर ठेवले. नाव, मैदान, जागा यातलं काहीच त्याच्यामुळे बदललं नाही. चौथ्या रकान्यात, माणसं, तिथे मी पहिल्यांदा एकच नाव लिहिलं आणि तो रकाना तसाच सोडला.