जुन्या पिकअपला लाँग ट्रॅव्हल सस्पेन्शन बसवताय? या चुका टाळा

गाडी चार इंच उचलली म्हणजे लाँग ट्रॅव्हल झालं, हा समज आधी डोक्यातून काढा. लिफ्टनं गाडी उंच होते, लाँग ट्रॅव्हलनं चाकाची वर-खाली चाल वाढते. त्यासाठी किटमध्ये लांब आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारे दांडे), जास्त स्ट्रोकचे म्हणजे जास्त लांबीनं आत-बाहेर होणारे शॉकअप आणि लांब टाय रॉड (स्टेअरिंगचा जोर चाकाला देणारे दांडे) येतात, गाडी फोर बाय फोर असेल तर पुढचे एक्सलही बदलतात. नुसते स्पेसर (गाडी उंच करणारे ठोकळे) घातले तर चाल होती तेवढीच राहते. शिवाय बॉल जॉईंट (आर्म आणि चाकाकडचा भाग जोडणारा गोल सांधा) उभ्या गाडीतच शेवटच्या कोनाला जाऊन टेकतो, आणि गगनबावडा घाटातल्या पहिल्या खड्ड्यात त्याचा निकाल लागतो.

हे सगळं पुढं डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली असे दोन आर्म) आणि मागं पाटे असलेल्या गाडीबद्दल आहे, म्हणजे इसुझूची जुनी व्ही-क्रॉस वगैरे. पुढंही पाटेच असतील तर हे किट तुमच्यासाठी नाही.

चेसिस न बघताच किट मागवणं

आपल्याकडच्या पिकअपनं वर्षानुवर्षं ऊस, विटा, जनावरं वाहिलेली असतात. त्यामुळं आधी गाडी खालून धुवा, आर्मचे ब्रॅकेट, शॉकअपचे माउंट आणि मागच्या पाट्यांचे हँगर तारेच्या ब्रशनं घासा आणि हातोडीनं टकटक करून बघा. गंजून पातळ झालेला पत्रा बद्द वाजतो. तडा सुरुवातीला रंगावर केसाएवढी तांबूस रेघ म्हणून दिसतो. तो तसाच ठेवून लांब आर्म बसवलेत तर वाढलेला सगळा जोर तिथंच येणार.

आर्म घरगुती बनवणं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, काय बनत नाही? पण बनतं म्हणून आर्म साध्या ईआरडब्ल्यू पाईपचे (पत्रा वळवून शिवण वेल्ड केलेल्या) करून घेऊ नका. पिन, स्लीव्ह, ब्रॅकेट तिथं उत्तम होतात, फक्त टर्नरला ड्रॉइंग द्या आणि माल कुठला लावायचा तेही स्पष्ट सांगा. बोल्टच्या डोक्यावर 10.9 (ताकदीचा दर्जा) कोरलेलं आहे का, ते स्वतः बघा. नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला) नट एकदा काढला की पुन्हा वापरायचा नाही.

स्प्रिंग न घालता चाक हलवून न बघणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जोडणी झाली की मिस्त्री स्प्रिंग चढवतो, चाक लावतो, गाडी खाली सोडतो. तिथंच त्याला थांबवा.

चेसिस भक्कम स्टँडवर ठेवा. स्प्रिंग काढलेलाच असू द्या, चाक लावा आणि खालच्या आर्मखाली जॅक घ्या. चाक पूर्ण खाली लोंबू द्या, मग एकेक इंच वर घ्या. दर इंचाला स्टेअरिंग पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं फिरवा आणि बॅटरीच्या उजेडात नीट बघा. ब्रेकचा होज ताणतोय का? एबीएस सेन्सरची वायर कशात अडकतेय का? टायर फेंडरला घासतोय का? बॉल जॉईंट किंवा युनिबॉल (त्याच्या जागी वापरतात तो धातूचा गोल बेअरिंग सांधा) वाटेत अडतोय का? होज सरळ गाडीत कधीच ताणत नाही. चाक पूर्ण लोंबलेलं आणि स्टेअरिंग पूर्ण वळलेलं, या एकाच अवस्थेत तो तारेसारखा ताठ होतो. नेमकी हीच अवस्था घाटाच्या कडेच्या चरीत येते.

त्याच वेळी टो, म्हणजे चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळलीत ते, मोजून घ्या. चाक वर जाताना टो बराच बदलत असेल तर टाय रॉडचा कोन आर्मशी जुळलेला नाही, आणि रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला गाडी आपणहून वळेल.

शॉकअपला कधीही शेवटचा अडथळा बनवू नका. वर जाताना शॉकअप आतून आपटण्याआधी बंप स्टॉपचा रबर लागला पाहिजे, खाली जाताना लिमिट स्ट्रॅप (चाकाला ठराविक हद्दीपलीकडं लोंबू न देणारा पट्टा) आधी ताणला पाहिजे. स्ट्रॅप वापरून थोडा लांबतो, तेवढी जागा धरूनच बसवा. शॉकअप आर्मच्या मध्यावर असेल तर त्याच्या 5 इंच स्ट्रोकला चाक साधारण 10 इंच हलतं, म्हणजे शॉकअपवरची अर्ध्या इंचाची चूक चाकापाशी एक इंचाची होते.

चाक लोंबत असताना बुशचे बोल्ट आवळणं

रबर बुश (आर्मच्या टोकाचा रबरी सांधा) ज्या अवस्थेत आवळाल तीच त्याची मूळ जागा ठरते. लोंबत्या आर्मवर आवळले तर गाडी खाली येताच बुश पिळला जातो आणि लवकरच फाटतो. गाडी चाकांवर उभी करा, चार-पाच वेळा दाबून हलवा, मगच शेवटचा टॉर्क द्या.

मागची बाजू विसरणं

पाट्यांचे यू-बोल्ट नवेच घाला. मागून गाडी उचलली आणि एलएसपीव्हीची (वजनानुसार मागच्या ब्रेकचं प्रेशर ठरवणारा व्हॉल्व्ह) लिंक तशीच ठेवली, तर त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी करतो. माल भरून करूळ घाट उतरताना हे जिवावर बेतू शकतं. लिंक जुळवून घ्या.

कायदा

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करू देत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही निर्मात्याच्या मूळ रचनेबाहेरच्या बदलांना नकार दिला. कलम 182अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. पैसे गुंतवण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला कळवा. परवानगी नसेल तर अशी गाडी ट्रेलरवरून नेऊन खासगी ट्रॅकवरच चालवा.

बसवल्यावर काही बिघडलं तर

गाडी सरळ चालत नाही, सारखी भरकटते: कॅस्टर (बाजूनं बघितलं तर स्टेअरिंगच्या आसाचा मागं झुकलेला कोन) कमी पडलाय किंवा टो चुकलाय. ठराविक वेगाला खालून थरथर येते: मागच्या एक्सलचा कोन बदलल्यानं प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस वाकडे चाललेत, पाट्याखाली योग्य कोनाची पाचर लागेल. खड्ड्यात एकच टणका येतो: आधी यू-बोल्ट आणि शॉकअपचे आय-बुश तपासा. टायर आतून खातोय: बहुतेक कँबर (समोरून बघितलं तर चाकाचा आत-बाहेर झुकाव), पुन्हा अलाईनमेंट करा.

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्यानं तपासा. युनिबॉल असतील तर पावसाळ्यात तांबडी माती त्यात शिरून ते झपाट्यानं झिजतात, म्हणून त्यांना बूट (रबरी आवरण) घाला. गाडी चिखलातून आली की धुवा, आणि चाक दोन्ही हातांनी वर-खाली हलवून खेळ आलाय का ते बघा.