खुराडं उघडण्याआधीची दोन मिनिटं

माझी पहिली कोंबडी मेली ती माझ्याच हातात, आणि बऱ्याच अंशी माझ्याच हाताने.

सकाळी खुराडं उघडलं. चोवीस जणी एकमेकींच्या अंगावरून उड्या मारत बाहेर पळाल्या, पंचविसावी आतच उभी. पिसं फुललेली, मान खांद्यात घातलेली, शेपटी खाली, डोळे अर्धवट मिटलेले. मी घाबरले. आजारी माणसाला आधी पाणी पाजतात, म्हणून तिला काखेत धरलं, चोच उघडली आणि सिरिंजने पाणी सोडलं. घशात गुळगुळ झालं, तिने दोनदा डोकं झटकलं आणि पाचेक मिनिटांत मान टाकली.

डॉक्टरांनी तिला चिरून पाहिलं. अंडनलिकेत अंडं अडकलेलं होतं आणि फुप्फुसात पाणी. "अंडं कदाचित निघालं असतं," एवढंच ते म्हणाले. कोंबडीची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते, त्यामुळे ओतलेलं पाणी सरळ तिकडे जाऊ शकतं. पाजायचंच असेल तर चोचीच्या कडेला एक थेंब लावायचा, तो तिने आपणहून गिळला की दुसरा. गिळत नसेल तर राहू द्यायचं. नव्याने कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाला मी ही एक गोष्ट आधी सांगते, बाकीचं नंतर.

त्या दिवशी डॉक्टरांनी फोनवर मला पाच प्रश्न विचारले होते. एकूण पक्षी किती? आजारी किती? कधीपासून? काल अंडी किती मिळाली? पाणी नेहमीइतकं संपलं का? पहिल्या दोनांची उत्तरं मला आली, पुढच्या तिनांवर मी गप्प. माझ्या हातात औषधांचा डबा होता, माहिती काहीच नव्हती. तेव्हापासून दार उघडण्याआधी मी दोन मिनिटं जाळीबाहेर नुसती उभी राहते.

या दोन मिनिटांत पाहायचं काय? कोंबडी हा दुसऱ्याचं भक्ष्य होणारा प्राणी, त्यामुळे दुखणं लपवण्यात ती तरबेज असते. आपण समोर गेलो की आजारीसुद्धा मान ताठ करून दोन पावलं चालून दाखवते. आपण दिसत नसतो तेव्हाच ती खरी कशी आहे ते कळतं. कोण काठीवरून उतरली नाही, कोण दाण्याकडे गेली पण चोच मारत नाही, कोणाला इतर जणी टोचताहेत. दुबळीला कळपातल्याच आधी ओळखतात आणि मग तिला जगू देत नाहीत. माणसांपेक्षा फार वेगळं नाही, पण ते असो.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. "अचानक आजारी पडली" असं आपण म्हणतो त्यातल्या निम्म्या वेळा आजार जुना असतो, आपलं लक्ष मात्र आज गेलेलं असतं. याची एक साधी परीक्षा आहे. छातीच्या मधोमध जे लांब हाड लागतं त्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं फिरवा. मांस भरलेलं असेल तर दुखणं खरंच एकदोन दिवसांचं. हाड सुरीच्या धारेसारखं लागलं तर ती कित्येक आठवडे झिजत होती: जंत, गाठ, पोटात साचलेलं पाणी, काहीही असू शकतं. वरून पिसं दाट असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना हे दिसतच नाही. म्हणून मी महिन्यातून एकदा रात्री, काठीवर बसलेल्या असताना, सगळ्यांच्या छातीवरून हात फिरवते. त्याच वेळी अंधारात गप्प उभं राहून श्वास ऐकते. दिवसाच्या कलकलाटात न कळणारी खरखर किंवा शिंक रात्री स्पष्ट ऐकू येते.

आता वहीबद्दल. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते आणि त्याच्या जवळपास दुप्पट पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून खूप जास्त. मी रोज तीनच आकडे लिहिते: पाणी, अंडी, उरलेलं खाद्य. एका दिवशी दोन अंडी कमी मिळाली तर काहीच समजायचं नाही. पिसं झडण्याचा काळ असेल, दिवस लहान होत असतील, रात्री मांजराने घाबरवलं असेल. पण सलग दोन दिवस पाणीही उतरलं आणि अंडीही, तर मी प्रत्येकीला हातात घेऊन तपासते. तपासताना धडधाकट आधी आणि आजारी शेवटी, नाहीतर एकीचा रोग आपणच पंचवीस जणींना वाटतो.

विष्ठेवरून नवे लोक फार घाबरतात. दर आठदहा वेळांतून एकदा कोंबडी तपकिरी, चिकट, नाक धरावं अशी घाण वासाची विष्ठा टाकते. ती तिच्या मोठ्या आतड्याजवळच्या दोन पिशव्यांमधून येते आणि ती अगदी ठीक आहे. पांढरं टोक म्हणजे तिची लघवी. गडद हिरवी आणि पातळ दिसली तर मात्र थांबायचं. बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच की ती खात नाही आणि नुसतं पित्त उतरतंय, पण राणीखेत या साथीच्या रोगातही अशीच हिरवी हगवण असते. रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

आजारी दिसली की पहिलं काम तिला वेगळं करणं. हवेशीर खोका, खाली तूस, अर्धा अंधार, ऊब, शेजारी पाणी. निम्मा उपचार त्यातच होतो, कारण टोचणाऱ्या जणींपासून सुटका होते आणि ती काय खाते, काय टाकते हे मोजता येतं. मग तुरा पाहायचा. फिकट पडला असेल तर रक्त कमी झालंय; रात्री फटीतून बाहेर येऊन रक्त पिणाऱ्या लाल गोचिडी, जंत किंवा आतला रक्तस्राव. जांभळट असेल तर हृदय, फुप्फुस किंवा मोठा साथीचा रोग. गळ्याखालची दाण्याची पिशवी सकाळी खाण्याआधी रिकामी हवी. तेव्हाही ती टणक किंवा पाण्याच्या फुग्यासारखी लागली तर तिथे अन्न अडकलंय. आणि शेपटीखाली पाहायचं, हे लाजेने किंवा किळसेने टाळायचं नाही.

माझ्या पहिलीच्या पोटात होतं तसं अडकलेलं अंडं ओळखायला खरं तर सोपं असतं. ती वारंवार घरट्यात जाते, जोर लावते, काही न देता बाहेर येते. पाय फाकवून ताठ उभी राहते, शेपटी खालीवर हलते. मागच्या दोन हाडांच्या मध्ये हळूच बोटं लावली तर कठीण गोळा लागतो. अंगाला सोसेल इतक्या कोमट पाण्यात तिला पोटापर्यंत पंधरावीस मिनिटं बसवायचं, गुदद्वाराला आतून थोडं तेल किंवा जेली लावायची, कोरडं करायचं आणि अंधाऱ्या उबदार खोक्यात सोडून द्यायचं. कॅल्शियम द्यायचं ते डॉक्टरांना विचारून. पोट दाबून अंडं बाहेर काढायचा मोह होतो, पण आत अंडं फुटलं तर कवचाने नलिका फाटते आणि मग तिला वाचवणं फार अवघड. काही तासांत निघालं नाही तर तिला डॉक्टरांकडे न्यायचं, उद्यावर ढकलायचं नाही.

कधी कधी नव्यानेच अंड्यावर आलेली पोर सकाळी कुशीवर पडलेली सापडते, पाय उचलत नाहीत, पण डोळे चमकदार असतात आणि दाणा समोर धरला तर खाते. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जातं आणि कवच तयार होतं ते मुख्यतः रात्री, पोटात खाद्य नसताना. कमी पडलं की ती स्वतःच्या हाडांतून काढते. अशीला वेळीच कॅल्शियम मिळालं तर ती अनेकदा उठून उभी राहते, आणि कळपाला शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवला तर हे सहसा घडतच नाही. याउलट एक पाय पुढे आणि एक मागे ताणलेला, असं चित्र दिसलं तर मॅरेक्स या पाय लुळे पाडणाऱ्या विषाणूच्या रोगाची शंका घ्यायची. त्याला औषध नाही. लस पिल्लाला पहिल्याच दिवशी टोचलेली असते किंवा नसते. पिल्लं घेताना हे विचारलं नाही तर पुढे विचारून उपयोग नाही.

उष्म्याबद्दल थोडक्यात. कोंबडीला घाम येत नाही, तिच्या अंगाचं नेहमीचं तापमानच ४१ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. चोच उघडी, पंख अंगापासून दूर, धाप लागलेली, मग डोलू लागते. सावलीत न्या, पाय आणि पोट साध्या गार पाण्यात बुडवा, बर्फ नको, आणि वारा येऊ द्या.

आता ज्याने मला झोप लागत नाही त्याकडे. एकीला काही झालं तर तो त्या कोंबडीचा प्रश्न. तिघींना झालं तर तो जागेचा, पाण्याचा, खाद्याचा किंवा साथीचा प्रश्न, आणि यातलं नेमकं काय हे आकड्यांच्या चालीवरून बरंचसं कळतं. एकाच दुपारी वीस जणी आडव्या पडल्या तर ऊन, बंद पडलेलं पाणी, साचलेला वायू किंवा काल उघडलेलं बुरशी लागलेलं पोतं पाहायचं. आज एक, परवा तीन, मग सात असं चढत गेलं तर संसर्ग. सगळ्यात गलेलठ्ठ आणि भरपूर अंडी देणारी एखादी काही लक्षण न दाखवता पडली आणि बाकीच्या मजेत असतील तर अनेकदा आतलं चरबीने भरलेलं यकृत फुटलेलं असतं. तिथे रोग शोधत बसण्यापेक्षा खाद्य तपासावं.

राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, आणि बर्ड फ्लू ही दोन नावं मात्र पाठ हवीत. राणीखेतला जगात न्यूकॅसल रोग म्हणतात, कारण १९२६ साली तो इंग्लंडमध्ये त्या गावाजवळ आढळला. आपल्याकडचं नाव उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून. एकच रोग, दोन गावांची बदनामी. धाप, हिरवी हगवण, पिळवटलेली मान, लुळे पंख, अंडी एकदम कमी आणि आलेली पातळ कवचाची. बर्ड फ्लूमध्ये डोकं सुजतं, तुरा जांभळा पडतो, पायांच्या खवल्यांखाली रक्त साकळतं, आणि कधी कधी यातलं काहीच न दिसता पक्षी मरतात. दोन्हींवर औषध नाही, आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्हींत फरक करता येईल असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. ते काम प्रयोगशाळेचं. आपण करायचं ते एवढंच: पक्षी, अंडी, खत, पोती, काहीही बाहेर हलवायचं नाही, आत कोणाला घ्यायचं नाही, मास्क आणि हातमोजे घालायचे आणि सरकारी पशुवैद्यकांना लगेच कळवायचं. बऱ्याच देशांत हे कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. कळवलं तर सगळ्या मारतील या भीतीने लोक दोन दिवस गप्प बसतात, आणि त्या दोन दिवसांत रोग शेजाऱ्याकडे पोचतो.

मेलेली कोंबडी फेकू नका. तपासणीसाठी लागणार असेल तर पिसं साबणाच्या पाण्याने भिजवा म्हणजे ती लवकर थंड होते, दोन पिशव्यांत घालून गार ठेवा, पण गोठवू नका. गोठवली की पेशी फुटतात आणि पाहणाऱ्याला नीट काही दिसत नाही. एकापेक्षा जास्त मेल्या असतील तर घरी चिरून पाहायचं नाही, मग उत्सुकता कितीही असो.

अँटिबायोटिकबद्दल माझं मत कडवट आहे. मागच्या वेळची उरलेली पुडी पाण्यात टाकण्याचा सल्ला तुम्हाला पहिल्याच आठवड्यात मिळेल. विषाणूवर ती काही करत नाही, आजारी पक्षी पाणी पीत नाही म्हणून त्याच्या पोटात जात नाही, आणि धडधाकट कोंबड्यांच्या अंड्यांत मात्र औषध उतरतं. डॉक्टरांनी दिलंच तर किती दिवस अंडी खायची किंवा विकायची नाहीत ते विचारून वहीत लिहा. नवीन पक्षी आणला तर तीनचार आठवडे दूर ठेवा, त्याचं काम सगळ्यात शेवटी करा, आणि खुराड्याच्या चपला वेगळ्या असू द्या.

परवाच्या सकाळी जाळीतून मोजलं तर एक कमी. घरट्यात पिसं फुलवून बसलेली, खायला उतरली नाही, सगळं त्या पहिलीसारखंच. वही पाहिली: पाणी नेहमीइतकं, अंडं मात्र कालपासून एक कमी. दोन मिनिटं थांबले, मग हळूच हात पोटाखाली घातला. तिने घोगरा आवाज काढून मनगटावर सणसणीत चोच मारली. खाली दुसऱ्यांची तीन अंडी होती. बाई खुडूक झाल्या होत्या, म्हणजे अंडी उबवायला बसल्या होत्या.