कोलॅजन ४ ची स्लाईड आपल्याच लॅबमध्ये कशी रंगवावी

पंगतीत माणसं बसतात तशा पेशी ओळीने बसलेल्या असतात आणि त्यांच्याखाली सतरंजी अंथरलेली असते. त्या सतरंजीला बेसमेंट मेंब्रेन म्हणतात. ती मुख्यतः कोलॅजन ४ या प्रथिनाच्या जाळीने विणलेली असते. साध्या गुलाबी-जांभळ्या रंगात ती धड दिसत नाही. म्हणून कोलॅजन ४ ओळखून त्यालाच चिकटणारं प्रथिन, म्हणजे अँटिबॉडी, लावून तिथे तपकिरी रंग आणायचा. कर्करोगाच्या पेशींनी ही सतरंजी फाडली आहे का, हेही त्यावरून कळायला मदत होते.

लातूर, नांदेड, अंबाजोगाईच्या आसपास डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) करून लॅबमध्ये रुजू झालेल्या मुला-मुलींसाठी हे लिहीत आहे. अँटिबॉडीसोबत आलेल्या कागदावरची पद्धत बरोबरच असते, पण आपल्याकडचा मे महिना, जाणारी लाईट आणि बोअरचं पाणी यांचा उल्लेख त्यात नसतो.

अँटिबॉडीचं पार्सल आलं की आधी आतले जेल पॅक गार आहेत का ते बघा. कागदावर वेगळं लिहिलं नसेल तर बाटली २ ते ८ अंशांवर, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नको. शेजारी एक थर्मामीटर ठेवा. लाईट गेली तर दार उघडू नका. गोठवणं-वितळवणं पुन्हा पुन्हा झालं की अँटिबॉडी कमजोर होते.

पॅराफिन ब्लॉकमधून (मेणात बसवलेल्या ऊतकातून) ३ ते ४ मायक्रॉनचे सेक्शन, म्हणजे पातळ काप, घ्या आणि ऊतक चिकटून राहील अशा, लेप दिलेल्या स्लाईडवरच उचला. साध्या काचेवरून पुढच्या धुण्यात ते निघून जातात. मग मेण काढायला नेहमीप्रमाणे झायलीन, उतरत्या क्रमाने अल्कोहोल आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटर.

आता सगळ्यात नाजूक काम. ऊतक टिकवायला वापरलेल्या फॉर्मॅलिनमुळे प्रथिनं एकमेकांना जखडली जातात आणि अँटिबॉडीला तिची जागाच सापडत नाही. कोलॅजन ४ साठी ती जागा बहुधा पेप्सिनसारख्या एन्झाइमने मोकळी करतात; काही अँटिबॉडींना बफरमध्ये उकळणं मानवतं. पेप्सिन आम्लातच काम करतं, म्हणून ते सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ताजं बनवा आणि स्लाईड ३७ अंशांवर ठेवा. किती वेळ, हे तुमचं ऊतक फॉर्मॅलिनमध्ये किती राहिलं त्यावर ठरतं. एकाच ब्लॉकच्या तीन स्लाईड घ्या. एक ५, दुसरी १० आणि तिसरी १५ मिनिटं ठेवून बघा. वेळ कमी पडला तर किडनीतले केशवाहिन्यांचे गुच्छ फिकेच राहतात, जास्त झाला तर सेक्शन कुरतडल्यासारखा होतो आणि केंद्रकं पुसट दिसतात. ही चाचणी टाळू नका.

मग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं, बफरने धुणं, आणि प्रोटीन ब्लॉक (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून लावायचं द्रावण). अँटिबॉडी किती पातळ करायची ते १:५०, १:१००, १:२०० असं लावून ठरवा. १:१०० म्हणजे १० मायक्रोलिटर अँटिबॉडी आणि ९९० मायक्रोलिटर पातळ करायचं द्रावण. सेक्शन पूर्ण झाकला पाहिजे. सामान्य तापमानाला तासभर किंवा फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा.

आमच्याकडे एकदा भर उन्हाळ्यात कूलर थेट टेबलावर सोडला होता. स्लाईडच्या कडा वाळल्या आणि तिथे गडद तपकिरी पट्टा आला. अर्धा तास आम्ही तो खराच समजून बघत बसलो. तेव्हापासून झाकणाच्या डब्यात तळाला ओला टिश्यू पेपर अंथरतो, सेक्शनभोवती मेणाच्या पेनने गोल काढतो आणि कूलरचं तोंड भिंतीकडे फिरवतो. रंगवण्याच्या कुठल्याही टप्प्यावर स्लाईड कोरडी पडू देऊ नका.

पुन्हा धुऊन एचआरपी पॉलिमर (अँटिबॉडीला चिकटणारं, एन्झाइम जोडलेलं द्रव्य) लावा, धुवा आणि डॅब (त्या एन्झाइममुळे तपकिरी होणारं रसायन) घाला. मायक्रोस्कोपखाली बघत राहा. रेषा उठून दिसल्या की लगेच थांबवा. डॅबपासून कर्करोगाचा धोका मानला जातो. हातमोजे घाला आणि उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नका. त्यानंतर केंद्रकांना निळा रंग देणारं हिमॅटॉक्सिलीन. बफरसाठी बोअरचं पाणी चालत नाही, पण हिमॅटॉक्सिलीनला निळसर करायला नळाचं किंचित अल्कधर्मी पाणी उत्तम चालतं. शेवटी अल्कोहोल, झायलीन आणि वरची काच चिकटवायला डीपीएक्स.

वाचताना आधी छोट्या रक्तवाहिन्या शोधा. त्यांच्याभोवती तपकिरी बारीक रेष हवीच. हा प्रत्येक स्लाईडमध्ये आपोआप मिळणारा कंट्रोल, म्हणजे रंग नीट लागल्याचा पुरावा, आहे. तीच नसेल तर बाकीच्या स्लाईडवर मत देऊ नका. सोबत अँटिबॉडी न लावलेली एक स्लाईडही हवी, तिच्यात तपकिरी रंग दिसता कामा नये.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. कोलॅजन ४ च्या सहा साखळ्या असतात, अल्फा १ ते अल्फा ६. नेहमीच्या अँटिबॉडी बहुतेक अल्फा १ आणि २ ओळखतात, आणि त्या जवळपास सगळीकडे असतात. अल्पोर्ट सिंड्रोम या किडनीच्या आनुवंशिक आजारात बिघाड अल्फा ३, ४ किंवा ५ मध्ये असतो. म्हणून लघवीतून रक्त जाणाऱ्या मुलाच्या बायोप्सीवर ही नेहमीची स्लाईड छान तपकिरी आली, तरी ‘अल्पोर्ट नाही’ असं रिपोर्टवर लिहू नका. त्यासाठी अल्फा ३ आणि अल्फा ५ च्या स्वतंत्र अँटिबॉडी लागतात. ते ऊतक तशी सोय असलेल्या मोठ्या केंद्राकडे पाठवा, आणि पाठवण्याआधी ते ताजं हवं की फॉर्मॅलिनमधलं, हे फोन करून विचारा.