कंपनीत अपघात झाला तर भरपाई किती बसते, घरच्या घरी हिशोब असा लावा

आमच्या घणसोलीत खालच्या खोलीत एक मुलगा राहतो, टीटीसीत (नवी मुंबईचा ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक पट्टा) कॉन्ट्रॅक्टरकडे पॉवर प्रेसवर होता, मार्चमध्ये त्याचं उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट मुळापासून गेलं. तिसऱ्या दिवशी सुपरवायझर घरी येऊन 20 हजार देऊन गेला आणि "माझी काही तक्रार नाही" अशा कागदावर अंगठा घेऊन गेला, सही करायला हात बँडेजमध्ये होता ना. त्याची आई मला म्हणाली, ताई दिले की त्यांनी, आता अजून काय मागायचं? मी अकरा वर्षं रबाळ्याला पगारपत्रक करते, म्हटलं काकू आधी त्याची पगाराची स्लिप आणा.

स्लिपवर ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, 135 रुपये कटलेले. इथेच अर्धा निकाल लागतो, म्हणून तुम्हीही आधी हेच बघा. पगार 21,000 पर्यंत असेल तर माणूस ईएसआयमध्ये येतो, कामगाराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के भरले जातात, आणि अपघाताचे पैसे मालक नाही तर ईएसआयचं महामंडळ देतं. त्यामुळे मालकाने काय लिहून घेतलं याने तिथे काही अडत नाही. पगार 21,000 च्या वर असेल किंवा तिथे ईएसआय लागूच नसेल तर 1923 चा भरपाईचा कायदा, तिथे मालक देणार. दोन्हीकडून मिळत नाही, एकच.

आता ईएसआयचा हिशोब. बरं होईपर्यंत रोजच्या सरासरी पगाराच्या 90 टक्के मिळतात. सरासरी कुठली तर अपघात जानेवारी ते जूनमध्ये झाला असेल तर त्याआधीच्या एप्रिल ते सप्टेंबरची, जुलै ते डिसेंबरमध्ये झाला असेल तर त्याआधीच्या ऑक्टोबर ते मार्चची. त्या सहा महिन्यांचा एकूण पगार भागिले पगारी दिवस. या मुलाला महिना 18,000, सोप्यासाठी 1,08,000 आणि 180 दिवस धरा, रोजचे 600 झाले, त्याचे 90 टक्के 540. चाळीस दिवस घरी बसला तर 21,600. म्हणजे तो 20 हजारांचा पाकीट नुसत्या घरी बसण्याच्या पैशापेक्षाही कमी होता, बोटाचं तर अजून काहीच धरलं नाही! आजारपणाच्या रजेला 70 टक्के मिळतात, म्हणून डॉक्टरच्या कागदावर "आजार" नाही तर कामावरची दुखापत असं लिहिलंय ना हे वाचूनच घ्या, रोजचा 20 टक्क्यांचा फरक आहे. आणि अपघातासाठी किती महिने वर्गणी भरली ही अट नाही, पहिल्या दिवशी जखमी झाला तरी हक्क आहे.

मग बोटाचं. मेडिकल बोर्ड कमावण्याची ताकद किती टक्के गेली ते ठरवतं. कायद्याच्या तक्त्यात हे बोट पूर्ण गेलं तर 14 टक्के, मधलं 12, अंगठा 30, एका हाताची चारही बोटं 50. तर 540 चे 14 टक्के म्हणजे रोज 75 रुपये 60 पैसे, महिन्याला साधारण 2,268, आणि हे आयुष्यभर, दुसरीकडे नोकरी लागली तरी. काकूंना मी हा आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवला, त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

ईएसआय नसेल तर गणित वेगळं, एकरकमी. पगार कितीही असो, 3 जानेवारी 2020 पासून हिशोबाला जास्तीत जास्त 15,000 धरतात. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर पगाराचे 60 टक्के गुणिले वयाचा फॅक्टर (कायद्याच्या तक्त्यात वयाप्रमाणे दिलेला आकडा), मृत्यू झाला तर 50 टक्के गुणिले तोच फॅक्टर. फॅक्टर 25 व्या वर्षी 216.91, तिसाव्या वर्षी 207.98, चाळिशीला 184.17, पन्नाशीला 153.09, म्हणजे वय कमी तेवढी रक्कम मोठी. तीस वर्षांचा, पगार 22,000, तर 15,000 चे 60 टक्के म्हणजे 9,000 गुणिले 207.98, झाले 18,71,820. हेच बोट गेलं असेल तर त्याचे 14 टक्के, 2,62,054 रुपये 80 पैसे. मृत्यू असेल तर 7,500 गुणिले 207.98, 15,59,850 आणि 1923 च्या कायद्यात अंत्यविधीचे किमान 5,000 वेगळे. तात्पुरती दुखापत असेल तर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचे 25 टक्के, पण 28 दिवसांपेक्षा कमी असेल तर पहिले तीन दिवस धरत नाहीत. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च यावर वेगळा मिळतो, म्हणून बिलं फेकू नका, मेडिकलवाल्याची छोटी पावतीसुद्धा.

तक्त्यातले टक्के म्हणजे शेवटचा शब्द नाही हां. 1975 मध्ये सुप्रीम कोर्टासमोर एका सुताराची केस होती, डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला, कोर्टाने त्याला 100 टक्के असमर्थ धरलं कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. तुमचं कामच त्या अवयवावर असेल तर वकिलाला हे नक्की सांगा.

मालकाने महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि कारण नसताना टाळले तर वर 50 टक्क्यांपर्यंत दंड. हक्क सोडल्याचा कागद 1923 च्या कायद्याच्या कलम 17 प्रमाणे रद्द, कॉन्ट्रॅक्टर पळाला तर मूळ कंपनी जबाबदार. 21 नोव्हेंबर 2025 पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेलेत, हिशोबाचा साचा तोच आहे, पण त्या तारखेनंतरचा अपघात असेल तर पगाराची मर्यादा चालू नोटिफिकेशनमध्ये एकदा बघून घ्या.

अपघात झाला की त्याच दिवशी कंपनीच्या अपघात रजिस्टरमध्ये नोंद करायला लावा आणि मोबाईलवर फोटो काढा, उपचार वाशीच्या किंवा वागळे इस्टेटच्या ईएसआय हॉस्पिटलला. ईएसआय नसेल तर अर्ज ठाण्याच्या लेबर कोर्टात, दोन वर्षांच्या आत. आमच्याकडच्या मुलाची नोंद नवव्या दिवशी झाली, तीही मी दोन वेळा स्वतः गेटवर जाऊन उभी राहिले तेव्हा.