पन्नाशीनंतर नोकरी शोधताना: आधी पीएफची नोंद तपासा

पन्नाशीच्या आसपास नोकरी गेली की माणूस आधी बायोडेटा सजवायला घेतो. माझे मत असे की, त्याआधी पीएफच्या पोर्टलवर जाऊन जुन्या नोकरीपुढे नोकरी सोडल्याची तारीख नोंदवलेली आहे का, हे पाहावे. आमचा कारखाना बंद झाला तेव्हा रिलीव्हिंग लेटर मिळाले, परंतु ही तारीख कोणी भरलीच नाही. त्यामुळे पुढे दुसरीकडे निवड होऊन पगारही ठरल्यावर, कागदपत्रांची पडताळणी करणाऱ्यांना मी अजून जुन्याच नोकरीत असल्याचे दिसले आणि रुजू होणे अडले.

जुन्या कंपनीत विचारायला कोणी उरले नसले, तरी शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की ‘मार्क एक्झिट’ या पर्यायातून सदस्याला ही तारीख स्वतः भरता येते. तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची असेल त्याच महिन्यातली लागते आणि एकदा भरल्यावर ती बदलणे फार किचकट असते, म्हणून पासबुक व रिलीव्हिंग लेटर समोर ठेवूनच ती भरावी. यासाठीचा ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येतो. अनेकांनी तिथे कंपनीने दिलेला क्रमांक जोडलेला असतो आणि ते सिमकार्ड तर परत केलेले असते! तसे असल्यास आधार केंद्रात जाऊन क्रमांक आधी बदलून घ्यावा.

राज्य सरकारच्या सरळसेवा भरतीत खुल्या प्रवर्गाची सर्वसाधारण वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांची ४३ वर्षे आहे, त्यामुळे ‘ओळखीने लावून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. नोंदणी शुल्क मागणाऱ्या एजन्सीचेही तेच, आणि पैसे घेऊन आत्मविश्वास शिकवणाऱ्या मार्गदर्शकांविषयी माझे मत याहून फारसे बरे नाही. एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांत मात्र स्टोअर, गुणवत्ता तपासणी किंवा हिशेब एकहाती सांभाळणाऱ्या माणसाचे वय सहसा आड येत नाही. पगार कमी असतो, पण काम मिळते. तिथे मालकाला प्रत्यक्ष भेटावे आणि बायोडेटात अलीकडच्या दहा-पंधरा वर्षांचेच काम सविस्तर लिहावे.

हात आखडला म्हणून पीएफसोबतच्या पेन्शन खात्यातील रक्कम मात्र काढू नये. सेवेची दहा वर्षे भरली नसतील तर त्या रकमेसाठीचा फॉर्म १०सी भरताना पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागावे, म्हणजे जुनी सेवा पुढच्या नोकरीच्या सेवेत धरली जाते आणि एकूण दहा वर्षे भरली की ५८व्या वर्षी पेन्शनचा हक्क मिळतो.